फ्यूज किटला दिलेले ५ स्टार वापस घेऊन राहिलो, आणि घाट रोडच्या दुकानाबद्दल थोडं

एप्रिलमध्ये मी ऑनलाइन एक फ्यूज किट मागवली होती, १२० नग, २४९ रुपये, पारदर्शक डबा, कप्पे कप्पे, सगळे रंग, सोबत पिवळा प्लास्टिकचा चिमटा. डबा आला त्याच दिवशी फोटो काढून ५ स्टार टाकून दिले, "एकदम झक्कास, प्रत्येक गाडीत पाहिजेच" वगैरे वगैरे. तोवर त्यातला एक फ्यूजही लावला नव्हता. आज पाहिलं तर त्या रिव्ह्यूला १४ जणांनी हेल्पफुल केलं आहे, म्हणजे चौदा लोक माझ्या भरवशावर तो डबा गाडीत ठेवून फिरून राहिले असतील. म्हणून हे एवढं मोठं लिहितो आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, तसंही तोच डबा पाच-सहा वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातो, फक्त स्टिकर बदलतो.

गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक. नागपुरात रोजचं मनीषनगर ते सिव्हिल लाइन्स. घरी पार्किंग नाही, गाडी बाहेर कडुनिंबाखाली असते, आणि उन्हाळ्यात ती सावलीची जागा मिळावी म्हणून मी शेजाऱ्यांशी दोन वर्षं भांडलो आहे. ते झाड लक्षात ठेवा, पुढे येते.

नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) सुरू झाला होता, पारा ४५च्या आसपास, दुपारी अडीच-तीनला वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर होतो आणि ब्लोअर बंद. टेप चालू, हॉर्न चालू, इंडिकेटर चालू, नॉब ४ वर टाकला तरी हवा शून्य. काचा खाली केल्या तर बाहेरून भट्टीचं दार उघडल्यासारखं. पूल तीन किलोमीटरच्या थोडा वर आहे आणि मधे कुठे उतरता येत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा अंगाला कळलं. घरी पोचेपर्यंत शर्ट सीटला चिकटला होता.

संध्याकाळी जवळच्या एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्यानं नॉब दोनदा फिरवला, कान लावला, म्हणाला मोटर गेली, साडेचार हजार, उद्या सकाळी सोडून द्या. डॅशबोर्डखाली वाकूनही पाहिलं नाही. मी साळ्याला फोन केला, तो इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला आहे, तो म्हणे अबे जीजाजी आधी फ्यूज तर पाहा. मी म्हटलं आहे ना आपल्याकडे किट! एवढा आनंद झाला होता मला की विचारू नका, किट मागवल्याचं सार्थक झालं असं वाटलं.

आता ज्यांनी कधीच फ्यूज बदलला नाही त्यांच्यासाठी सांगतो कारण हे काम खरंच सोपं आहे आणि यासाठी गॅरेजला जायची गरज नाही. बहुतेक गाड्यांत दोन फ्यूज बॉक्स असतात. एक आत, स्टिअरिंगच्या बाजूला डॅशबोर्डखाली, गुडघ्याजवळ. दुसरा बोनेटमध्ये बॅटरीजवळ, काळं झाकण. कोणता फ्यूज कशाचा ते झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं, माझ्या गाडीचं घासून गेलं होतं म्हणून मॅन्युअलची पीडीएफ काढली. गाडी बंद, चावी काढलेली, मग पाय सीटवर आणि डोकं पेडलपाशी अशा अवस्थेत तोंडात टॉर्च धरून मी शोधत होतो, आई गेटवरून ओरडली काय हरवलं रे. ब्लोअरचा फ्यूज हिरवा, ३० अँपिअर. काढला, उजेडात धरला, मधली यू आकाराची पट्टी तुटलेली आणि प्लास्टिक आतून काळं. म्हणजे उडाला.

सगळेच इतके स्पष्ट दिसत नाहीत हं. कधी पट्टीला केसाएवढी चीर असते, डोळ्याला फ्यूज साबूत वाटते आणि माणूस दिवसभर दुसरीकडे शोधत बसते. म्हणून मल्टिमीटर असला तर बीपवर टाकून दोन्ही पायांना लावा, बीप वाजला नाही तर गेला. किंवा मग टेस्ट लॅम्प, म्हणजे एका टोकाला सुई आणि दुसऱ्याला क्लिप असलेला छोटा बल्ब. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात ना, ते त्यासाठीच ठेवलेले आहेत, फ्यूज न काढता चावी ऑन करून लॅम्पची क्लिप बॉडीला लावायची आणि सुई दोन्ही ठिपक्यांवर टेकवायची, दोन्हीकडे उजेड म्हणजे चांगला, एकाच बाजूला म्हणजे उडालेला, कुठेच नाही म्हणजे तिथवर करंटच येऊन नाही राहिला (काही फ्यूजना ती वस्तू चालू केल्यावरच करंट येतो, हे मला नंतर कळलं). मी हे सगळं न करता सरळ एकेक उपटून पाहिले, तसं करू नका, कोणता कुठला ते विसरायला होते. आणि एअरबॅग लिहिलेल्या फ्यूजला हौशीनं हात लावू नका.

रंग पाठ करून ठेवा, जगभर जवळपास हेच चालतात: ५ चा फिकट तपकिरी, ७.५ चा तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा पारदर्शक, ३० हिरवा. (हे लहान आणि मध्यम साइजचं, मोठ्या मॅक्सी फ्यूजचे रंग अलग.) किटमध्ये रंग सगळे बरोबर होते, आकडेही छापलेले. त्यात खोट नाही.

तर किटमधला हिरवा ३०चा लावला, चावी फिरवली, ब्लोअर भर्रकन सुरू. अडीच मिनिटांचं काम! साडेचार हजार वाचले म्हणून बायकोला सांगितलं, ऑफिसात सांगितलं, गॅरेजवाल्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. फ्यूज उडाला तर का उडाला हा प्रश्न मला पडलाच नाही, हे कबूल करतो. घरी कूलरची मोटर मी स्वतः बसवतो, पंप बदलतो, त्यामुळे स्वतःला थोडा वायरमन समजत होतो.

दोन दिवस मस्त. फक्त हवा जरा कमी वाटत होती आणि चार नंबरवर एक घर्र आवाज, मी म्हटलं जुनी गाडी आहे. तिसऱ्या दिवशी अजनी चौकाच्या सिग्नलला वास आला. प्लास्टिक जळल्याचा. आधी वाटलं बाजूच्या ऑटोचा असेल, ऑटो गेला तरी वास गेला नाही. गाडी बाजूला घेऊन झाकण उघडलं तर फ्यूज उडालाच नव्हता! हिरवं प्लास्टिक मेणासारखं मऊ होऊन खाली बसलं होतं, खालचा खाचा वितळून वाकडा झालेला, आणि आत पट्टी मात्र अखंड, चकाचक. किटमधल्या चिमट्यानं ओढायला गेलो तर चिमटाच तुटला. चटका बसला तो वेगळा.

आता दुकानाचं. साळ्याच्या ओळखीनं घाट रोडच्या बाजूला एका गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडे गेलो. पाटी आहे पण रंग उडालेला, त्यामुळे नाव मी पण नीट वाचू शकलो नाही. बाहेर जुन्या बॅटऱ्यांचा ढीग, आत भिंतीवर सेल्फ मोटरचे सांगाडे लटकलेले, साठीचे काका आणि एक पोट्टा. बसायला एक स्टूल, त्यावर हॉर्न ठेवलेला.

काकांनी वाकून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न, "हा फ्यूज कोनं लावला जी?"

मी म्हटलं मीच.

"आधीचा उडाला होता ना? मंग तो बिचारा आपलं काम करून गेला. त्याच्या जागी तुमी हा भैताड आणून बसवला."

भैताड म्हणजे आमच्याकडे बावळट, येडा. मला हसावं का रडावं समजेना. मी म्हटलं ३० च्या जागी ३०च लावला काका, वरचा तर नाही लावला. ते म्हणाले आकडा कोनीही छापते.

त्यांनी आधी मोटरला डायरेक्ट लाइन दिली, स्वतःच्या तारेनं, मधे त्यांचा मोठा होल्डर, आणि तारेवर डीसीचा क्लॅम्प मीटर (तारेला बाहेरून पकडून करंट मोजणारा) लावला. चार नंबरच्या स्पीडला ४१-४२ अँपिअर दाखवत होता. ३० च्या फ्यूजवर ४१. मग ग्लव्ह बॉक्स उतरवला, ब्लोअरची मोटर खाली काढली आणि त्या जाळीच्या चाकातून काय निघावं, कडुनिंबाच्या काड्या, वाळलेला पाला, निंबोळ्या, वाटीभर. काचेखालच्या जाळीतून वर्षानुवर्षं आत जाऊन राहिलं होतं. आणि एक उंदराचं अर्धवट घरटं, त्याबद्दल मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.

मी शहाणपणा केला की अच्छा म्हणजे हवा अडली म्हणून मोटरवर लोड आला. काका म्हणे नाई. हे मला नवीन होतं. पंख्याची नुसती हवा अडली, म्हणजे समजा केबिन फिल्टर चोंदला, तर मोटर उलट कमी करंट ओढते कारण तिला ढकलायला हवाच नसते. इथं काड्या चाक आणि खोक्याच्या मधे फसून घासत होत्या आणि खालचा बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो तो) कोरडा पडला होता. चाक अडखळून फिरत होतं. मोटर अडली की करंट वाढते, पूर्ण जाम झाली तर अजून कितीतरी वाढते. जुना फ्यूज बरोबर उडाला होता, तो सांगत होता की खाली काहीतरी फसलं आहे.

चाक धुतलं, बुशला तेल दिलं, मोटर मोकळी केली, वापस मीटर लावला: १५ च्या आत. आवाज पण गेला. मोटर बदलायची गरजच नव्हती, गॅरेजवाल्याचे साडेचार हजार कशाचे होते देव जाणे.

मग जळलेला खाचा. पूर्ण बॉक्स बदलला तर खर्च आहे म्हणाले, त्यापेक्षा त्यांनी त्या जागेचं थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवतात ते धातूचं टोक) काढलं, तार तीन-चार इंच मागपर्यंत कडक होऊन रंग बदललेली होती तेवढी कापली, त्याच जाडीची नवी तार जोडली आणि बाजूला वेगळा होल्डर काढून दिला. वर झाकण, पट्टी मारून पक्का. वीस मिनिटं फक्त थिंबल दाबण्यात घालवली, दोनदा स्वतःच ओढून पाहिलं आणि एकदा मला ओढायला लावलं. म्हणाले ढिलं थिंबल असलं तर चांगला फ्यूज पण गरम होते. काम करता करता बोलणं चालूच. ॲम्बॅसेडरमध्ये काचेचे फ्यूज यायचे, पद्मिनीत चिनी मातीचे, वरून पट्टी उघडी, आणि उडाला की लोक सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घुसवायचे, त्या चांदीच्या पायी किती वायरिंग किट मी बदलले म्हणे मोजदाद नाही. हे आताचे पातळ दोन पायांचे फ्यूज १९७६ मध्ये आले (हे मी घरी येऊन शोधलं), आपल्याकडे सगळ्या गाड्यांत यायला मधे बरीच वर्षं गेली. काकांच्या मते माझी किट म्हणजे चांदीच आहे, फक्त रंगीत डब्यात.

फ्यूज मोटर वाचवायला नसतो, तार वाचवायला असतो, हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मान हलवली तेव्हा बहुतेक त्यांना पटलं की मला कळलं.

बिल: ब्लोअर खोलून साफ करायचे ४५०, तार-होल्डर-थिंबल मजुरीसकट २२०, आणि मी पाच सुटे फ्यूज घेतले १५ रुपयांप्रमाणे ७५. एकूण ७४५, ७४० घेतले.

घरी आल्यावर मला चैन पडेना. चांगल्या कंपन्यांच्या डेटाशीट वाचल्या तर त्यात साफ दिलेलं असतं, आकड्याच्या ११० टक्के करंटला फ्यूज १०० तास टिकला पाहिजे, १३५ टक्क्यांना दहा मिनिटांच्या आत उडाला पाहिजे, दुप्पट करंटला ५ सेकंदांच्या आत. म्हणजे तीसचा फ्यूज तीसला लगेच उडत नाही हे खरं, पण माझे ४१ म्हणजे १३५ टक्क्यांच्या वर, दहा मिनिटांत जायला पाहिजे होता. माझा दोन दिवस ऑफिसला जाऊन आला.

रविवारी साळा आला, मग गच्चीवर प्रयोग. जुनी गाडीची बॅटरी, दोन हॅलोजन बल्ब ५५ वॉटचे, दोन्ही मिळून ११० वॉट, १२ व्होल्टला साधारण ९ अँपिअर. मधे ५ चा फ्यूज. म्हणजे जवळपास दुप्पट. मी सरळ जोडायला निघालो होतो तर साळा म्हणे थांब बे, थंड बल्ब लावल्या लावल्या क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढते, त्या झटक्यानं फ्यूज गेला तर निकाल चुकीचा. म्हणून आधी फ्यूजला बाजूनं क्लिप लावून बल्ब पेटवले, गरम झाल्यावर क्लिप काढली. काकांकडचा ५ चा फ्यूज: एक, दोन, तीन, चार म्हणायच्या आत अंधार. दुसरा पण तसाच. मग किटमधला: एक मिनिट झालं, दोन झाले, बल्ब झगमग, फ्यूजला बोट लावलं तर भाजलं, वास सुरू झाला तेव्हा बंद केलं. किटमधले सहा लावून पाहिले, सहातला एक उडाला, तोही सव्वा मिनिटानं. (गच्चीवर, बाजूला वाळूची बादली ठेवून केलं, घरात करू नका आणि गाडीतल्या बॅटरीवर तर अजिबात नका करू.)

मग नोज प्लायरनं फोडले. काकांच्या ५ मधली पट्टी मधोमध धाग्यासारखी बारीक, ३० ची चांगली रुंद. किटमधल्या ५, १५ आणि ३० च्या पट्ट्या बाजूबाजूला ठेवल्या तर तिन्ही सारख्याच! एकाच पत्र्यातून कापलेल्या, वरून रंग वेगळा. साळा म्हणे यांनी फ्यूज नाही बनवला, फ्यूजचं मॉडेल बनवलं.

किटची बाकीची रड छोटी आहे. मिनी म्हणून दिलेले फ्यूज माझ्या बोनेटमधल्या बॉक्सला बसतच नाहीत, तिथे बुटके लो प्रोफाइलवाले लागतात, तेव्हा कोणताही फ्यूज घेताना जुना काढून सोबत घेऊन जा, नुसता रंग सांगून चालत नाही. चिमट्याचं सांगितलंच. डबा चांगला आहे, डब्याला मार्क देतो, बायकोनं त्यात आता मोहरी-जिरं नाही पण सेफ्टी पिना ठेवल्या आहेत.

रिटर्न? दहा दिवसांची मुदत होती, ती मे उजाडायच्या आधीच संपली. चॅटवर फोटो पाठवले, वितळलेल्या फ्यूजचा, फोडलेल्या पट्ट्यांचा, तर उत्तर आलं की प्रॉडक्ट वापरलेलं असल्यामुळे वापस घेता येणार नाही. म्हणजे न वापरता कळत नाही आणि वापरल्यावर घेत नाहीत. आणि स्टार सगळे माझ्यासारखे, डबा उघडल्या उघडल्या दिलेले, खाली जाऊन वाचा, "पॅकिंग छान", "लवकर आलं", "रंग मस्त". फ्यूज उडवून कुणीच पाहिला नाही, पाहणार तरी कसा.

किटला १ स्टार, तो पण कमी देता येत नाही म्हणून. उरलेले सगळे फ्यूज मी प्लायरनं चेपून कचऱ्यात टाकले, कुणाला फुकटात पण दिले नाहीत. साळा दोन मागत होता "आठवण म्हणून", त्यालाही नाही.

दुकानाला ४. एक कापला कारण वेळ सांगितला अर्धा तास आणि लागले पावणेतीन तास, पक्कं बिल नाही, आणि काका सगळ्यांसमोर बोलतात, माझ्या मागे एक बाई स्कूटरचा हॉर्न दुरुस्त करायला उभ्या होत्या त्यांच्यासमोर मला भैताड ऐकावं लागलं (फ्यूजला म्हणाले असं ते म्हणतात, पण पाहत माझ्याकडे होते). पण काम खरं, आणि न मागता जळलेली तार, काढलेला पाला सगळं हातात ठेवलं. मला म्हणाले गाडी त्या झाडाखाली लावता तर दर उन्हाळ्याच्या आधी वायपरखालची जाळी स्वतः साफ करा, त्याचे पैसे मला कायले देता.

जायचं असेल तर दुपारी जाऊ नका, दीड ते चार शटर अर्धं खाली असते, काका आत झोपलेले असतात आणि पोट्ट्याला फक्त हॉर्न येतो. गाडी गल्लीत घालू नका, वळत नाही, बाहेर लावून पोट्ट्याला आवाज द्या, तो येते टेस्ट लॅम्प घेऊन.